रेडा, पाळणा आणि कासंडी

१४ जून

मुलानं, लेस्लीनं, दोन वर्षांपूर्वी कॅनडाहून आणलेली ही डायरी आज कपाटातून काढली. कागद झकास, पण रेघा इतक्या फिक्या छापल्यात की ओळ सांभाळणं म्हणजे डोंबाऱ्याची कसरत. परदेशातही शाई वाचवायला लागले म्हणायचे.

डायरी काढायचं कारण, आम्ही गाडी घेतोय. मी, बॅप्टिस्ट, वय एकाहत्तर, मुक्काम पापडी, तीस वर्षं गावाचं दूध स्टेशनला पोचवलं, आधी बैलगाडीनं, मग दूध सोसायटीच्या जीपनं. ती जीप चालवायला मला कुणी शिकवलं नाही, दुरुस्त करायलाही नाही. उघडली, बघितली, परत जोडली. दोन नट उरले, तरी पुढे अठरा वर्षं धावली. पण स्वतःची चारचाकी ही पहिलीच.

कारण सालोमी. तीन वर्षांपूर्वी तुळिंजहून येताना गतिरोधकावर रिक्षात अशी आपटली की मणका दुखावला. तेव्हापासून तिला खडखड सोसत नाही. आणि तिची मोठी बहीण, सिस्टर प्रिस्का, जव्हारच्या पलीकडे डोंगरात करंजपाड्याला मुलींचं वसतिगृह सांभाळते. आई लवकर गेली, सालोमीला प्रिस्कानंच वाढवलं. गेल्या डिसेंबरात भाड्याच्या गाडीनं निघालो होतो. शेवटचे चार किलोमीटर रस्ता नाही, रस्त्याची आठवण आहे. ओढ्यात गाडीचं पोट दगडावर टेकलं आणि ड्रायव्हरनं हात जोडले. वर चॅपेलचा क्रूस दिसत होता. सालोमीला चढ चढवत नाही, प्रिस्काचे गुडघे तिला खाली येऊ देत नाहीत. सालोमी दहा मिनिटं त्या क्रूसाकडे बघत उभी राहिली, मग म्हणाली, "चला."

यंदा ७ डिसेंबरला प्रिस्काच्या व्रतांना पन्नास वर्षं होतात. पुढच्या वर्षी बोलावणारी कोण आणि येणारी कोण, असं ती फोनवर हसत म्हणाली. सालोमी हसली नाही.

तेव्हा गाडी हवी. ओढ्यातून वर चढणारी आणि सालोमीच्या कमरेला कळू न देणारी.

२९ जून

माणिकपूरला शोरूम पाहिलं. दारातच कोट घातलेला एक उंच माणूस हात पुढे करून उभा. मी अदबीनं नमस्कार केला. हूं नाही की चूं नाही. मॅनेजर असणार, घमेंडखोर. आतून चिराग नावाचा तरतरीत मुलगा धावत आला आणि का कोण जाणे, ओठ दाबून हसत होता.

चिरागनं दोन तास समजावलं, ते माझ्या भाषेत असं. गाड्या दोन जातींच्या. एका जातीत खाली लोखंडी सांगाडा, वर पेटी बसवलेली. ही डोंगर चढेल, पण बैलगाडीची सख्खी बहीण. दुसरीत पेटी हाच सांगाडा, चाक न् चाक आपापलं वर-खाली होतं. ही झोपाळ्यासारखी, पण बहुतेक नुसती पुढच्या चाकांवर चालते. दिसायला दोघी सारख्याच दांडग्या. म्हणजे मिशा सगळ्यांनाच, पैलवान एखादाच.

एका गाडीत गोल बटण होतं. वाळू, चिखल, बर्फ. मी म्हटलं, वसईत बर्फ कोळणीच्या पाटीत असतो, तिथवर गाडी नेण्याची गरज पडत नाही. चिराग म्हणाला, काका, फीचर आहे, असू द्या.

पहिलीचं नाव मी रेडा ठेवलं, दुसरीचं पाळणा.

६ जुलै

आज रेड्याची परीक्षा. चिरागचा बेत माणिकपूर ते हायवे आणि परत, असा लोण्यासारखा रस्ता. मी म्हटलं, मुलगी बघायच्या दिवशी कांदेपोहे सगळ्यांचेच चांगले होतात. माझ्या वाडीपर्यंत चल.

आणि सोबत कासंडी घेतली. सालोमीनं लग्नात माहेरून आणलेली पितळी कासंडी, तोंडापर्यंत दूध, झाकण नाही. दूधवाल्याला दुसरं माप ठाऊक नाही. बैल नवा असो, धुरा नवी असो की रस्ता, स्टेशनवर पोचल्यावर किती दूध उरलं त्यावरून कळायचं. चिरागनं आधी देवाची, मग मॅनेजरची शपथ घातली. शेवटी त्यानंच कासंडी मांडीवर धरली.

वाडीतला चिखल रेड्यानं असा तुडवला की माझं वय अठराच्या आसपास आलं. छोटा गिअर टाकला की नुसता घुमतो आणि चढतो. केळीच्या बांधावर चढलो, उतरलो, उगाच परत चढलो. हरेश्वर शेतातून ओरडत होता. हा माझा खाडीकडचा दोस्त, भाताचा शेतकरी. तो म्हणाला, "बॅप्टिस्टभाऊ, गाडी बगायला निघालायस का चिखलनी करायला?"

कासंडीत दोन बोटं दूध उरलं. बाकीचं चिरागच्या पँटीवर. पोरगा भला, म्हणाला, मम्मी रोज दूध पी म्हणून मागे लागते, आज एकदम झालं.

सालोमीला सगळं सांगितलं. ती कासंडी घासत ऐकत होती. मग शांतपणे विचारलं, "वाटेत हरेश्वरच्या फाटकाचा खांब दिसला होता ना तुम्हाला?"

म्हटलं, चिरागनं ओरडून सांगितला की.

२० जुलै

पाळणा. माणिकपूर ते पापडी कासंडीत तरंग नाही. दुधावर साय धरते की काय वाटलं. एसीची झुळूक, पाठीला कुशीत घेणारी सीट, वर काचेचं छप्पर. चिराग आज घरून जुनी पँट घालून आला होता, त्याची निराशा झाली.

वाडीच्या बांधावर मात्र पाळणा मध्येच टेकला. पुढची चाकं चिखलात फिरतात, मागची दोन पाहुण्यासारखी बसून. हरेश्वरनं ट्रॅक्टरनं ओढलं. कासंडी तेव्हाही भरलेली. बुडाली तरी न सांडणारी अशी ही गाडी.

मन खट्टू झालं. करंजपाड्याचा ओढा म्हणजे या बांधाचा आजोबा. रेडा सालोमीला पोचवील, पण कमरेचे तुकडे करून. पाळणा तिला त्याच दगडापर्यंत नेईल आणि पुन्हा क्रूस दाखवून परत आणील. चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही. आताही मागत नाहीये, तेच जास्त टोचतं.

५ ऑगस्ट

नवलच. सालोमीनं चर्चच्या कोयरमध्ये नाव घातलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सराव. चाळीस वर्षांत बाईच्या तोंडून मी सूर ऐकला तो फक्त मांजराला हाकलताना. पण टिफनी म्हणते, पप्पा, मम्मीला जाऊ द्या. टिफनी आमची मुलगी, जवळच राहते. तिची स्वतःची मजल स्कूटरपर्यंत, चारचाकीला हात लावत नाही.

जाऊ दे म्हटलं. सपाट बूट घालून गेली. उभं राहून गावं लागत असेल.

२४ ऑगस्ट

तिसरी सापडली. पेटीचाच सांगाडा, पाळण्याच्या जातीची, पण चारही चाकांना ताकद जाते आणि पोट जमिनीपासून चांगलं उंच. गिअर आपले आपण पडतात. कासंडीत चार बोटं कमी झाली, बांधही चढला. रेड्याइतका नाही, पण चढला. छोटा गिअर मात्र नाही, म्हणून मी अडून बसलो होतो.

चिराग सर्वांत महागडी गळ्यात मारत होता, मोठ्या चकचकीत चाकांची, काचेच्या छपराची. आज सालोमीही आली होती. गाडीभोवती एक फेरी मारून ती म्हणाली, "याच गाडीला लहान चाकं, जाड टायर येतात ना? ते द्या. टायर जाड तेवढा खड्डा मऊ." मी तोंडात बोट घातलं. हे मी तिला कधी सांगितलं ते आठवत नाही. सांगितलं असणार, नाहीतर तिला कळणार कुठून?

मग म्हणाली, जरा बसून बघते, आणि चुकून ड्रायव्हरच्या बाजूला चढली. पायरी किती उंच ते बघितलं, सीट पुढे घेतली, मधला आरसा आपल्या उंचीला लावला, बाजूचे दोन्ही लावले. बायकांना आरसा दिसला की राहवत नाही. चिराग तिच्याकडे बघून एकदम ताठ उभा राहिला.

बुकिंग केलं. निघताना दारातल्या मॅनेजरला मुद्दाम दोनदा नमस्कार केला. तरी ढिम्म.

१० सप्टेंबर

कोयरमुळे सालोमीची कंबर सुधारली. देवाची करणी. आज स्वयंपाकघरात डोकावलो तर परात दोन्ही हातांनी उभी धरून सावकाश डावीकडे, मग उजवीकडे फिरवत होती. विचारलं तर म्हणाली, तांदूळ निवडते. परातीत तांदूळ नव्हते. झाले असतील निवडून.

२ ऑक्टोबर

दसरा, आणि गाडी दारात. फादरांनी प्रार्थना करून पवित्र पाणी शिंपडलं. हरेश्वर चार लिंबं घेऊन हजर. फादर हसून म्हणाले, माझं झालं, आता तुमचं करा. मी चारही लिंबांवरून गाडी अशी नेली की फादरांचा बूट पाचवा व्हायचा थोडक्यात वाचला.

सगळ्या गल्लीला चक्कर मारून आणलं. टिफनीच्या सासूनं काचेचं छप्पर का घेतलं नाही म्हणून विचारलं. म्हटलं, आभाळ बघायचं तर अंगणात खाट आहे.

झोप नाही. दर अर्ध्या तासानं खिडकीतून गाडी बघतोय. गल्लीतल्या दिव्याभोवती हल्ली कसलं वलय दिसतं, संतांच्या चित्रात असतं तसं. नगरपालिकेनं नवे बल्ब लावले असतील.

१९ ऑक्टोबर

हरेश्वरच्या फाटकाचा खांब पुढे सरकलाय. त्याला म्हटलं तर म्हणतो, खांब बापजाद्यांपासून तिथंच आहे. मग गाडीच्या डाव्या दारावर वीतभर ओरखडा कुणी काढला? त्यानं माझ्या चेहऱ्यापुढे तीन बोटं धरून विचारलं, किती? म्हटलं, पाणी प्यायला बोलव, शाळा घेऊ नकोस.

सालोमीनं ओरखड्यावरून बोट फिरवलं. रागावली नाही. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

९ नोव्हेंबर

खरं लिहायला ही एकच जागा आहे, म्हणून लिहितो. मला भीती वाटते. गाडीची नाही. काल संध्याकाळी हायवेवर समोरून दिवे आले आणि क्षणभर सगळं दूध सांडल्यासारखं पांढरं झालं. मी हॉर्न वाजवला, कशाला ते माहीत नाही. सालोमी शेजारी होती. तिनं फक्त माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "डावीकडे घ्या. अजून. आता सरळ."

टिफनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणते. म्हटलं, डिसेंबर होऊ दे. डॉक्टरनं गाडी चालवू नका म्हटलं तर करंजपाड्याला तिला कोण नेणार? भाड्याचा ड्रायव्हर? तो बघितलाय मी. हात जोडणारा.

म्हशीची शिंगं म्हशीला जड नसतात. नेईन मी.

२२ नोव्हेंबर

सालोमी पेढे घेऊन आली. म्हटलं, कशाचे? म्हणाली, परीक्षा होती, पास झाले. कोयरचीही परीक्षा असते, हे आजच कळलं. टिफनी तिच्या गळ्यात पडून रडली. आमच्या घरात गाण्याचं एवढं वेड केव्हा शिरलं?

८ डिसेंबर

काल जे झालं ते आज जसंच्या तसं लिहितो.

पहाटे निघायचं नाही, उजाडू दे, हा सालोमीचा हट्ट. प्रिस्काला काय नेऊ म्हणून विचारलं होतं, तर तिनं सांगितलेलं, आईच्या कासंडीतून दूध आण, मुलींसाठी खीर करू. म्हणून मागच्या सीटवर तापवलेलं दूध, फडक्यानं तोंड बांधलेली कासंडी. वसई फाटा, मनोर, विक्रमगड, जव्हार. रस्ता चांगला, गाडी लोण्यातून सुरी. सालोमी वळणावळणाला सांगत होती, पुढे बस आहे, डावीकडे सायकल आहे. मी म्हटलं, मला दिसतंय. ती म्हणाली, हो, मी माझ्यासाठी बोलते.

मग तो ओढा आला. समोरून ऊन थेट काचेवर. उतार, पाणी, दगड, सगळं एकाच रंगाचं झालेलं. तो पोट टेकणारा दगड कुठे आहे ते मला माहीत होतं, पण दिसत नव्हता. मी ब्रेक दाबून बसलो. एक मिनिट. दोन. वर क्रूस होता, तो सालोमीला दिसत असणार.

शेवटी म्हणालो, "सालोमी, मला दिसत नाही." सहा महिने डायरीलाही जे इतकं सरळ सांगितलं नव्हतं, ते.

ती म्हणाली, "माहीत आहे. उतरा. इकडे या."

मला वाटलं, बाई मला चालत नेते. ती माझ्या बाजूला येऊन चढली, सीट पुढे घेतली, मधला आरसा लावला, बाजूचे दोन्ही लावले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात चाळीस दिवे एकदम लागले. आरसे. परात. सपाट बूट. पेढे.

म्हटलं, "कोयर?"

"चर्चच्या कोपऱ्यावरून ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या स्टेफीची शिकाऊ गाडी मला घ्यायला यायची," ती म्हणाली. "गाणं म्हटलं तर तुम्ही कधी ऐकायला यायचा नाहीत, म्हणून कोयर."

पर्समधून लायसन्स काढून तिनं माझ्या हातात दिलं. मला त्यावरचं काही वाचता आलं नाही. फोटोतलं कुंकवाविना कपाळ आणि ताठ मान तेवढी ओळखली.

मी हसत सुटलो. हसता हसता खाली बसलो आणि मग आठवलं, आपल्यालाही एक काम येतं. चारही टायरांच्या नळीत काडी घालून हवा कमी केली, हाताच्या अंदाजानं. हवा कमी केली की टायर पसरतो, दगड धरतो आणि हादरे गिळतो. रेड्याची पकड आणि पाळण्याची गादी, दोन्ही त्याच काडीत. दूधगाडीचं हे शहाणपण मी रेडा-पाळण्याच्या नादात विसरूनच गेलो होतो.

मग कासंडी मागून काढली, मांडीवर घेतली आणि फडकं सोडलं. सालोमी म्हणाली, कशाला? म्हटलं, स्टेफीची परीक्षा झाली, माझी बाकी आहे.

तिनं उतार सांभाळणारं बटण दाबलं, असल्या बटणांना मी शोरूममध्ये हसलो होतो. गाडी आपली आपण पाय रोवत खाली सरकली. पाण्यात शिरल्यावर सालोमी दगडाच्या डावीकडून गेली, एक चाक उंच, एक चाक खोल, घाई नाही. पोटाखालून दगड गेल्याचा आवाजसुद्धा नाही. पलीकडचा चढ लागला तेव्हा छोटा गिअर नाही म्हणून माझा जीव वर, पण तिनं पाय हलू दिला नाही. चाकं जरा चाचपडली आणि चढली. मी ओरडून कौतुक करणार होतो, तेवढ्यात एका खड्ड्यात मीच असा उडालो की जीभ चावली.

"कंबर?" मी विचारलं.

"हाकणाऱ्याची दुखत नाही," ती म्हणाली. "खड्डा यायच्या आधी त्याला ठाऊक असतो."

मला तीस वर्षं दुधाची गाडी हाकून हे कळलं नव्हतं. कळणार कसं, मी कधी शेजारी बसलोच नव्हतो.

वर अंगणात साठ मुली आणि मध्ये खुर्चीत प्रिस्का. सालोमी कुणाचा हात न धरता उतरली. प्रिस्कानं मला म्हटलं, शेवटी आणलंत तिला. मी म्हटलं, "मी नाही, बाय. मी दुधासोबत आलो."

कासंडीत एक बोट दूध कमी होतं. ते सगळं माझ्या पँटीवर. सीटवर थेंब नाही. चिरागला फोन करून सांगितलं, तर तो इतका हसला की फोन खाली ठेवावा लागला त्याला.

१७ जानेवारी

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आज डॉक्टरनं सांगितलं, वाचा, लिहा, बघा.

या डायरीच्या रेघा निळ्या आहेत. ठळक निळ्या. कॅनडावाल्यांची माफी मागतो.

गाडी पहिल्या सर्व्हिसिंगला माणिकपूरला नेली. दारात मॅनेजर तसाच उभा, कोट, पुढे केलेला हात, पाठीमागे पुठ्ठा आणि टेकण लावलेलं. चिराग आत उभा राहून ओठ दाबत होता. मी थांबलो आणि नेहमीसारखा नमस्कार केला. सात महिन्यांची ओळख, मोडायची कशाला?

डॉक्टर म्हणालेत, महिनाभरानं गाडी चालवायला हरकत नाही. सालोमीनं ते ऐकलं आणि किल्ली माझ्यापुढे धरली, तेव्हा घ्या म्हणून. मी घेतली, दोनदा हातात फिरवली, परत तिच्या पर्समध्ये टाकली. आणि डावीकडच्या दाराशी गेलो. ओरखडा अजून तिथंच आहे, चांगला वीतभर, स्पष्ट दिसतो.

पापडीच्या वळणावर हरेश्वरचा खांब आला. जागच्या जागी होता. सालोमीनं तो हातभर सोडून गाडी वळवली आणि मी, खड्डा यायच्या आधी, सीट घट्ट धरली.